काका, रडू द्या

दादरच्या एका जुन्या वाचनालयातून मी पेशवाईवरची एक कादंबरी आणली. कुठली ते सांगत नाही, कारण अशा कादंबऱ्यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं फार हळवी असतो आणि मला भांडण नकोय. पुठ्ठा कधीतरी बदललेला, पानं पिवळी, मधल्या काही पानांवर चहाचे डाग, आणि वाचनालयाच्या पुस्तकांना येतो तो वास, डांबरगोळ्यांचा, खळीचा आणि बऱ्याच घरांतल्या उशांचा. पानिपतच्या प्रकरणाशी आले तेव्हा समासात पेन्सिलीची बारीक, तिरकी, जुन्या वळणाची अक्षरं दिसली. लढाईच्या सकाळी घरच्या तिळगुळाच्या आठवणीने डोळे पुसणारा एक शिलेदार कादंबरीकाराने रंगवला होता. त्याच्या शेजारी पेन्सिल म्हणत होती, 'चूक. त्या साली संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती.' आणि त्याच्याखाली निळ्या बॉलपेनाने, गोल गोल, बहुधा बाईच्या अक्षरात: 'काका, रडू द्या.'

मी लोकलमध्ये होते. इतक्या मोठ्यांदा हसले की समोरची कोथिंबीर निवडणारी बाई हात थांबवून बघायला लागली.

हसू ओसरलं तरी ते दोन शेरे डोक्यातून जाईनात. घरी येऊन काकांचं म्हणणं पडताळून पाहिलं. सूर्य मकर राशीत जाण्याचा दिवस इंग्रजी तारखांच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. तिथून आणखी शंभर वर्षं मागे गेलं की 14 जानेवारी 1761ला संक्रांत बसतच नाही, ती दहा तारखेच्या आसपास येते. काका बरोबर होते. पण हे कळल्याचा आनंद काही झाला नाही, उलट थोडा रागच आला. आमच्या घरी 14 जानेवारीला सकाळी तिळाचा लाडू हातावर पडला की कुणीतरी पानिपतचं नाव काढायचंच. आबा, म्हणजे माझे वडील, तर हमखास. त्या लाडवाबरोबर गिळलेल्या आवंढ्याचं आता करायचं काय? तो खोटा म्हणायचा?

आमचं घर म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली. आबा पाटणकडचे, सातवीपर्यंत शिकलेले, गिरणीत साचेखात्यात कामाला. वाचनाची चटक लावली कामगार कल्याण केंद्राच्या ग्रंथालयाने. दुसरी पाळी करून मध्यरात्रीच्या पुढे घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. जेवण झालं की गॅलरीतल्या सामायिक दिव्याखाली बसून वाचायचे, कारण खोलीत आम्ही ओळीने झोपलेलो असू. आता साचेखात्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. धोट्यांचा तो खडखडाट एकदा कानात बसला की माणूस बोलतो ते ओरडूनच, आणि आबांना वाटायचं आपण मनातल्या मनात वाचतोय. प्रत्यक्षात ते पुटपुटायचे, आणि त्यांचं पुटपुटणं तिसऱ्या खोलीपर्यंत जायचं. तेव्हा पेशवाई मी वाचलेली नाही, ऐकलेली आहे, अर्धवट झोपेत, गोधडीत. नारायणराव 'काका, मला वाचवा' म्हणत धावला तो आमच्या गॅलरीतून. माधवराव थेऊरला खंगत होते तेव्हा पलीकडच्या खोलीतल्या आजी आतून म्हणाल्या होत्या, 'पुढचं उद्या वाचा हो, झोप लागायची नाही.' 27व्या वर्षी गेलेला तो पेशवा, त्याचा क्षय, त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई, हे सगळं आमच्या मजल्याला नात्यातल्यासारखं माहीत होतं. चाळीत कुणाचा मुलगा फुप्फुसाच्या दुखण्याने आडवा पडला की बायका हळू आवाजात माधवरावांची आठवण काढायच्या. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962ची. त्या एका पुस्तकाने महाराष्ट्राला जे रडवलं, ते शाळेतल्या इतिहासाच्या कुठल्याच धड्याला जमलं नव्हतं.

मोठी झाल्यावर मी त्याच कादंबऱ्या स्वतः वाचल्या, आणि मला त्या थोड्या टोचायला लागल्या. सगळे एकाच भाषेत बोलतात. पेशवेही तसेच आणि पागेतला मोतद्दारही तसाच, भारदस्त, वळणदार, प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी पडेल अशा बेताने. जेवायला पंचपक्वान्नं असतात, पण भांडी कोण घासतं ते येत नाही. मशालजी पानभर मशाल धरून उभा राहतो आणि प्रकरण संपलं की मशालीसकट नाहीसा होतो. त्याला बायको असेल, गावाकडे कर्ज असेल, तेलाने हात भाजत असतील. पेन्सिलवाल्या काकांनी अख्ख्या पुस्तकात तारखा, नाती, गावांमधली अंतरं तपासली आहेत. मशालजीबद्दल त्यांनीही एक अक्षर लिहिलेलं नाही. कादंबरीमुळे इतिहास कळतो म्हणणारे आणि कादंबरीने इतिहास नासवला म्हणणारे तावातावाने भांडत असतात, पण दोघंही तिच्याकडे एकच गोष्ट मागतात: काय घडलं. कधी, कुठे, कुणी, कुणाला. मला स्वतःला कादंबऱ्यांतून ते फारसं मिळालेलं नाही, आणि मिळालं ते विसरूनही गेले. राहिलं ते वेगळंच.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. पुढचं लालबाग-परळच्या माणसांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळत नाही. आईने आधी तांब्याची भांडी काढली, मग पितळेची. गावाकडून एसटीच्या टपावर जोंधळ्याची पोती यायची, ती थांबली. आबांनी वाचन मात्र सोडलं नाही, कारण ते फुकट होतं. एवढंच की आता ते दिवसाढवळ्या वाचायचे, भोंगा न होणाऱ्या दुपारी, आणि पुटपुटत नसत. तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. म्हणजे कागदोपत्री माझे वडील अजून संपावर आहेत.

1988 साली विश्वास पाटलांची 'पानिपत' आली तेव्हा आबा वरळीच्या एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन होते. लोखंडी खुर्ची, डोक्यावर पिवळा दिवा, मांडीवर ते जाडजूड पुस्तक. सुट्टीच्या दिवशी घरी वाचताना एका जागी थांबले. छावणीला वेढा पडलाय, रसद तोडलीय, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, थंडी हाडात शिरतेय, जनावरं मरून पडताहेत आणि लढवय्यांबरोबर आलेली हजारो बिनलढाईची माणसं, यात्रेकरू, बाजारकरी, बायापोरं, खायला मागताहेत. आबांनी पुस्तक पालथं घातलं आणि आईला विचारलं, 'हे बुणगे बुणगे म्हणतात ते कोण गं? आपणच की.' आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, 'मग? आता कळलं व्हय?'

संपाबद्दल माझ्या वडिलांनी आम्हाला एक वाक्य धड सांगितलेलं नाही. विचारलं तर 'जाऊ दे' म्हणायचे. पण सदाशिवरावभाऊंची छावणी कशी उपाशी मेली, हे ते कुणालाही, कितीही वेळ सांगायचे. धान्य संपल्यावर आधी कुणाची चूल विझते, पैसेवाला किती दिवस टिकतो, सावकार छावणीतसुद्धा कसा असतोच, उपाशी माणसाचा आवाज आधी चढतो आणि मग बसतो. यातलं किती पुस्तकातलं आणि किती डिलाईल रोडवरचं, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. आपल्या हरण्याला ज्यांच्याजवळ पुस्तक नव्हतं त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या हरण्याचं पुस्तक घेतलं आणि त्यात आपलं भागवलं. मला याचा अभिमान वाटतो आणि चीडही येते. असं दुसऱ्याच्या दुःखात आपलं दुःख ठेवून द्यावं लागणं, ही काय वाचनसंस्कृती म्हणायची?

संपावरून आठवलं. कोलंबिया नावाचा देश मला गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या 1967 सालच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मुळे माहीत आहे, माझ्यासारख्या लाखोंना तसाच माहीत असणार. त्या कादंबरीत केळीच्या मळ्यांतल्या संपकरी कामगारांवर सैन्य गोळ्या झाडतं, प्रेतं आगगाडीत भरून समुद्रात टाकायला नेतात, आणि त्या गाडीतून उडी मारून वाचलेला एकजण गावात परत येऊन सांगायला लागतो तर कुणी विश्वासच ठेवत नाही. इथे कुणी मेलेलं नाही, म्हणतात. तो मरेपर्यंत घोकत राहतो: तीन हजार होते. खऱ्या इतिहासात हा गोळीबार डिसेंबर 1928 मध्ये सिएनागा गावी झाला, अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यांतल्या संपात. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरलने मेलेले 47 सांगितले. अमेरिकी वकिलातीच्या पत्रात हजाराहून जास्त म्हटलंय. तीन हजार हा आकडा मार्केसचा. त्याने नंतर एका मुलाखतीत सरळ सांगितलं की अख्खी आगगाडी भरायची तर एवढी माणसं लागणारच होती. आणि मग व्हायचं तेच झालं. त्या घटनेच्या एका स्मृतिदिनी तिथल्या सिनेटमध्ये तीन हजार हुतात्म्यांसाठी एक मिनिट शांतता पाळायचं आवाहन झालं, असं त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कादंबरीत ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याचं संसदेने ऐकलं, तेही चुकीच्या आकड्यासकट. पेन्सिलवाले काका तिथे असते तर त्यांना घेरीच आली असती. मी हे आबांना सांगितलं. त्यांनी श्रवणयंत्र नीट करून पुन्हा विचारलं, 'संपवाल्यांचंच ना? मग लिहू दे की तीन हजार.'

मला ते पटलं असं नाही. आकडा फुगवला की नाकारणाऱ्याच्या हातात कोलीत मिळतं: हे बघा, हे खोटं, म्हणजे सगळंच खोटं. पण 47 म्हणणाऱ्या जनरलच्या बाजूनेही मला उभं राहायचं नाहीये. आबांशी वाद घातला नाही, चहा ठेवला.

माझी भाची कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन शिकते. तिला अभ्यासक्रमात चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' आहे, 1958ची, नायजेरियातल्या इग्बो लोकांची. परीक्षेच्या आधी ती आमच्याकडे राहायला आली आणि सबंध आठवडा घरात याम, याम चाललं होतं. याम म्हणजे तिकडचा कंद, आपल्या कोनफळाच्या नात्यातला. तो पुरुषाचं पीक, त्याच्यावरून माणसाची पत ठरते, लावणीच्या आधीच्या आठवड्यात कुणी कुणावर हात उगारायचा नाही, नाहीतर धरणी कोपते. पाहुणा आला की कोला नावाचं फळ फोडायचं, ते कुणी फोडायचं यावर आग्रह, पुन्हा आग्रह. भाची म्हणाली, 'मावशी, हे आपल्याकडच्या पानसुपारीपेक्षा अवघड प्रकरण आहे.' अचेबेची गंमत अशी की त्याला शिकवायची अजिबात लाज वाटत नव्हती. 1965च्या एका लेखात त्याने लिहिलंय की माझ्या कादंबऱ्यांनी माझ्या वाचकांना एवढं जरी शिकवलं की युरोपियन येण्याआधीचा आपला भूतकाळ म्हणजे रानटीपणाची एक लांबलचक रात्र नव्हती, तरी मला पुरे. आपल्याकडे कादंबरीला 'बोधप्रद' म्हटलं की समीक्षक नाक मुरडतात. इथे एक मोठा लेखक छातीठोकपणे म्हणतोय, हो, मी मास्तर आहे. आणि तरी त्याने त्या समाजातली क्रूर बाजू झाकलेली नाही, जुळी पोरं रानात टाकणंसुद्धा. शेवट तर असा की अंगावर काटा येतो. नायकाने गळफास घेतलाय, आणि तिथला गोरा जिल्हा अधिकारी मनात हिशेब करतोय की आपण लिहिणार असलेल्या पुस्तकात या माणसावर एक प्रकरण नाही, पण बरा लांबसा एक परिच्छेद बसेल. आपण ज्याच्याबरोबर अख्खी कादंबरी राहिलो त्याला एक परिच्छेद.

हे ऐकताना मला सारखी 'फकिरा' आठवत होती. अण्णाभाऊ साठेंची, 1959ची. अचेबेच्या पुस्तकानंतर एक वर्षाने आलेली. नायजेरिया 1960च्या ऑक्टोबरात स्वतंत्र झाला, महाराष्ट्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात उभा राहिला, ज्याच्यासाठी अण्णाभाऊंनी डफावर थाप मारून मुंबई जागवली होती. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. एकजण विद्यापीठातून बाहेर पडून रेडिओत नोकरी करणारा, दुसरा वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिणारा. पण काम दोघांनी एकच केलं. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्या दप्तरात माणसाच्या वाट्याला परिच्छेदसुद्धा नाही, हजेरीची एक रेघ. अण्णाभाऊंनी त्या रेघेची कादंबरी केली. शेजारच्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेतली देवीची मानाची खूण, पळवून आपल्या शिवेत आणली की जत्रेचा मान आपल्या गावाचा, हा वारणाकाठचा रिवाज आणि त्यात जीव गमावणारा फकिराचा बाप राणोजी, हे वाचताना यामच्या सणाइतकंच परकं आणि तितकंच घरचं वाटतं. पुढे दुष्काळात पोरं उपाशी मरायला लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो, मग इंग्रजांचा खजिना. हा फकिरा खरा होता, अण्णाभाऊंच्या नात्यातला. अण्णाभाऊ जन्मले त्या दिवशी त्याने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये बाळंतिणीला दिले, अशी आठवण त्यांच्या घरात सांगत.

पेशवाईची ती कादंबरी परत करायला गेले तेव्हा मी 'फकिरा' शोधली. 'ऐतिहासिक' लिहिलेल्या कपाटात नव्हती. तिथे वरपासून खालपर्यंत तलवारी, जिरेटोप, मुठीत लगाम. 'फकिरा' निघाली 'ग्रामीण'मध्ये, एका विनोदी कथासंग्रहाला टेकून. खरा माणूस, खरं राज्य, खरा कायदा, खरी लूट, आणि तरी ऐतिहासिक नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो भला मुलगा आहे, मला नवीन दिवाळी अंक बाजूला काढून ठेवतो. म्हणाला, 'मॅडम, ऐतिहासिक म्हणजे राजेमहाराजांचं.' त्याचं काय चुकलं? कपाटं त्याच्या आधीपासून तशीच लागलेली आहेत, आणि आपल्या डोक्यातलीही. 'फकिरा'चा समास मी मुद्दाम पाहिला. पेन्सिल कुठे नव्हती. एका विद्यार्थ्याने हिरव्या पेनाने खाली रेघा ओढून 'महत्त्वाचे, दहा गुण' लिहिलं होतं. तारखा तपासायला कुणी आलं नव्हतं, आणि रडू द्या म्हणणारंही कुणी नाही.

देश समजून घ्यायला कुठली कादंबरी वाचावी, असं हल्ली लोक विचारतात. मी तारखांचं बघत नाही. कादंबरीत भांडी घासली जातात का, मशालजी जेवतो का, उधारी कुणाच्या वहीत मांडलेली आहे, एवढं बघते. ते जिथे असतं तिथे बाकीचं आपसूक येतं, आणि आकडा चुकला तर चुको, काका दुरुस्त करतीलच.

आबांना भाचीच्या त्या पुस्तकातली एक गोष्ट फार आवडली. नव्या यामच्या सणाला एका श्रीमंत माणसाने पाहुण्यांपुढे कांडलेल्या यामचा एवढा उंच ढीग वाढला, की अलीकडे बसलेल्यांना पलीकडचं दिसेना. खात खात ढीग उतरला तेव्हा संध्याकाळ झाली, आणि एकाला कळलं की पलीकडून आपला व्याही कधीचा येऊन जेवतोय. मग उरलेल्या ढिगावरूनच दोघांनी हात मिळवले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्ही आता बाविसाव्या मजल्यावर असतो. परवा खालच्या हॉलमध्ये सत्यनारायण होता. शिऱ्याची परात आली तशी आबांनी, साचेखात्यातल्या आवाजात, सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. यामचा भात झाला होता, सण सुगीचा झाला होता, आणि व्याही कोरेगावचा वाटावा इतका ओळखीचा. हॉल हसत होता. आठव्या मजल्यावरच्या पाटणकरांनी विचारलं, 'कुठल्या गावची गोष्ट म्हणायची ही?'

'उमुओफिया,' आबा म्हणाले. 'तिकडे एसटी जात नाही.'